लसीचे कार्ड आणि मालकाचे नाव

पाळीव कुत्र्याचा परवाना म्हणजे एका कुत्र्याची जबाबदारी एका माणसाने घेतल्याची सरकारदरबारी झालेली नोंद. ही नोंद मोठ्या शहरात महापालिका ठेवते, लहान शहरात नगरपरिषद. परभणी शहरात २०११ साली महापालिका आली, त्यामुळे तेथे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड, पूर्णा या गावांचा कारभार नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमानुसार चालतो.

महाराष्ट्रातील महापालिकांमध्ये परवान्याचा क्रम साधारण सारखाच असतो. अर्जात मालकाचे नाव व पत्ता, कुत्र्याची जात, वय, रंग आणि ओळखखूण लिहायची. सोबत रहिवासाचा पुरावा, कुत्र्याचा फोटो आणि रेबीजची लस दिल्याचे प्रमाणपत्र जोडायचे. या कागदांत शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. लस दरवर्षी द्यावी लागते, म्हणून परवान्याचेही सहसा दरवर्षी नूतनीकरण होते.

प्रस्तुत लेखकाच्या घरचा कुत्रा आखाड्यावर जन्मलेला. परभणी भागात शेतातल्या गोठा-झोपडीच्या वस्तीला आखाडा म्हणतात. रानडुकरांपासून पीक राखायला आणि रात्री जनावरांजवळ थांबायला तेथे कुत्रे लागतेच. पण त्याची नोंद कोणत्याही वहीत नसते आणि त्याला लस देण्याचे कुणाच्या मनातही येत नाही. त्याच आखाड्यावरचे एक पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर शहरातल्या घरी आले.

रेबीजची पहिली लस याच वयात देतात. त्याआधी आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारद्रव्ये पिल्लाच्या अंगात असतात व लसीचा परिणाम कमी करतात. तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस आणि पुढे वर्षाला एक. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या चिकित्सालयात पिल्लाला लस टोचली गेली आणि कार्ड तयार झाले. अशा कार्डावर लसीच्या बाटलीचे लेबल चिकटवतात. त्यावर बॅच क्रमांक व मुदत असते. शेजारी डॉक्टरांची सही आणि पुढच्या लसीची तारीख.

तिसऱ्या वर्षी ती तारीख उलटून पाच महिने गेले. कामाच्या गडबडीत राहून गेले, एवढेच कारण. परवान्याचा अर्जही तसाच पडून होता. त्याच काळात शेजारचे सहा वर्षांचे मूल फाटकातून आत धावत आले आणि कुत्र्याने त्याची पोटरी धरली. दात रुतले, रक्त आले.

कोणी हळद आणा म्हणाले, कोणी तिखट-तेल. एका आजींना बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शने आठवली. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली. जखमेवर हळद, चुना, तिखट काहीही लावायचे नसते. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे हा पहिला उपचार, कारण साबणाने विषाणूचे आवरण फुटते. मुलाची जखम तशीच धुतली आणि त्याला दवाखान्यात नेले.

तेथे दोन प्रश्न विचारले गेले: कुत्रा कुणाचा, आणि त्याला लस दिली आहे का? पहिल्याचे उत्तर लगेच मिळाले. दुसऱ्यासाठी कार्ड पुढे केले, तर त्यावर उलटलेली तारीख होती. मुलाच्या आईनेही ती वाचली. त्या वेळी लेखकाला तिच्याकडे पाहवले नाही.

उपचार मात्र कार्डावर थांबत नाहीत आणि थांबूही नयेत. दात रुतून रक्त आले की जखम तिसऱ्या वर्गाची ठरते. अशा वेळी जखमेत व तिच्याभोवती प्रतिद्रव्याचे इंजेक्शन देतात आणि त्याच दिवशी लस सुरू करतात. त्वचेत द्यायची लस त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी टोचतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. म्हणून एकही मात्रा चुकवता येत नाही.

चावलेल्या कुत्र्याला मारायचे किंवा हाकलून द्यायचे नसते. त्याला दहा दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवायची असते. कुत्रा पिसाळण्याच्या थोडेच दिवस आधी विषाणू त्याच्या लाळेत येतो. दहा दिवसांनीही तो धडधाकट असेल, तर चावला त्या दिवशी लाळेत विषाणू नव्हता हे निश्चित होते. हे दहा दिवस दोन्ही घरांनी मोजून काढले. कुत्रा रोज भाकरी खातो ना, पाणी पितो ना, आवाज बदलला नाही ना, हे शेजारी सकाळ-संध्याकाळ विचारत. अकराव्या दिवशीही तो ठीक होता. मग त्याला लस दिली आणि परवान्याचा अर्ज पुरा केला.

मोकाट कुत्र्याच्या बाबतीत दहा दिवस नजर ठेवायला सहसा कोणी सापडत नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याच्या लसीची जबाबदारी मालकाची, तर रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरण व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. निर्बीजीकरण व लसीकरण झालेला मोकाट कुत्रा ओळखू यावा म्हणून त्याच्या कानाला खाच पाडतात. एखाद्या भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माणसांमधील रेबीजचे ९९ टक्क्यांपर्यंत रुग्ण कुत्र्यांमुळेच होतात, त्यामुळे २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजचे मृत्यू थांबवण्याचे उद्दिष्टही कुत्र्यांच्या लसीकरणावरच अवलंबून आहे. या हिशेबात आखाड्यावरचे कुत्रेही धरावे लागतात.

रेबीजची लस शोधणाऱ्या लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास अनेक पशुवैद्यकीय दवाखान्यांत लसीकरण शिबिरे भरतात. त्या घटनेनंतर दरवर्षी याच दिवसांत घरच्या कुत्र्याबरोबर आखाड्यावरच्या दोन कुत्र्यांनाही लस दिली जाते आणि तिन्ही कार्डे एकाच पिशवीत ठेवली जातात.