लय आकड्यात मावत नाही

जळगाव

चि. भाच्यास,

जात्यावरच्या ओव्यांना साज चढवताना संगणकात मिनिटाला किती ठोके भरू, असं तू धुळ्याहून विचारलं आहेस. आकडा सांगता येईल, पण त्यानं लय सांगून होणार नाही, असं माझं ठाम मत आहे. शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्या खानदेशाच्या शेजारीच, ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या लेखी लय म्हणजे एका क्रियेनंतरची विश्रांती: द्रुतात सर्वांत थोडी, मध्यात तिच्या दुप्पट, विलंबितात आणखी दुप्पट. तिन्ही एकमेकींच्या मापानं सांगितल्या आहेत, घड्याळाच्या नव्हे. अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा तालातला ख्याल ऐक. मात्रा 4 सेकंदांची धरली तर यंत्र मिनिटाला 15 ठोके म्हणेल. तबलजी त्याच मात्रेत चार भाग भरतो, ते मोजले तर 60. दोन्ही आकडे बरोबर, आणि म्हणूनच कुठलाही एक पुरत नाही.

ओवीत हे अधिक स्पष्ट दिसतं. दादर ज्वारी दळताना जात्याचा खुंटा ओढायला जोर लागतो. मुठीनं वैरण घालायला एक हात सुटतो, फेरी जड होते आणि ओळ तेवढी रेंगाळते. ते रेंगाळणं काढून टाकलंस तर चाल राहील, दळण जाईल. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची उतरवून घेतलेली गाणी 1952 साली पुस्तकरूपानं आली. कागदावर शब्द उतरले, घरोटाची, म्हणजे जात्याची, फेरी उतरली नाही. ती गाणाऱ्यालाच भरावी लागते.

मग लय ज्याच्या त्याच्या मर्जीची का, असं तू विचारशील. मुळीच नाही. ती कशाला तरी बांधलेली असते: दळणात हाताला, रंगभूमीवर शब्दाला. बालगंधर्वांचे गाण्याचे पहिले धडे जळगावातच, मेहबूब खाँकडे झाले. पुढे भास्करबुवांची तालीम मिळाली. तरी नाट्यपद ते ख्यालासारखं संथ करत नसत, कारण प्रेक्षकाला शब्द कळायला हवा आणि पात्र डोळ्यांपुढून हलता कामा नये. वरातीत वेगानंच रंग चढतो, हेही मला मान्य आहे. पण तिथंही पाय उचलायला दोन ठोक्यांमध्ये फट लागते. ती बुजली की नाचणारेच थांबतात.

तेव्हा आकडा आधी भरू नकोस. गाणारीला साथीशिवाय, हात फिरवत चार ओव्या म्हणू दे, ती कुठं दम घेते ते टिपून ठेव आणि ठेका त्यावर बसव. झालं की मला ऐकायला पाठव.

तुझा मामा