मेथी दाट पेरावी की पातळ?

भाजीपाल्याच्या शेतीत मी अगदी नवखी. नारायणगावजवळ जमिनीचा तुकडा करायला घेतला, तेव्हा मेथीनेच मला कोड्यात टाकलं. शिफारस हेक्टरी २५ ते ३० किलो बियांची. शेजारच्या काकू मात्र सपाट वाफ्यात बी इतकं दाट फोकतात की एवढी रोपं जगतील कशी, असंच वाटावं. म्हणून शेजारीशेजारी दोन वाफे केले. एक काकूंच्या हातचा दाट, दुसरा पातळ.

काढणीला दाट वाफा सरळ उभा होता. दांडे बारीक, लुसलुशीत, फुटवा जवळपास नाही, बुडाची पानं पिवळी. पातळ वाफ्यातली रोपं बुंध्यापासून फुटली होती. पानं रुंद, दांडे राठ, आणि मोकळ्या जागेत तणच तण. पातळ वाफ्यातलं एकेक रोप कितीतरी जड भरलं, पण दोन्ही वाफ्यांचं एकूण वजन मात्र जवळपास सारखंच! मी पुन्हा तोलून पाहिलं.

मग वाचत गेले. जपानी शास्त्रज्ञ किरा आणि सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात हेच दाखवलं होतं. पानांनी जमीन झाकली की ऊन, पाणी, खत तेवढंच राहतं, फक्त वाटेकरी वाढतात. त्यामुळे ठरावीक दाटीनंतर एकूण उत्पादन फारसं वाढत नाही, रोप तेवढं लहान होतं. शेजारच्या पानांवरून येणाऱ्या प्रकाशातला फरक रोपाला फायटोक्रोम या प्रकाश ओळखणाऱ्या रंगद्रव्यामुळे कळतो आणि सावली पडण्याआधीच ते उंच धावू लागतं.

वजन सारखंच, मग काकू बियांवर जास्त पैसे का घालतात? त्या म्हणाल्या, "पोरी, इथं भाव शेकड्यावर, जुडी मोजून. पातळ मेथी पसरते, लवकर जून होते. जुडी कशी उंच अन् कोवळी पाहिजे!" बियांसाठी राखलेली मेथी मात्र काकूही ओळीत, अंतर ठेवून पेरतात, तिथे फुटवे आणि शेंगा हव्यात.

दाटीलाही मर्यादा आहेच. पावसाळ्यात वाफ्यात हवा खेळली नाही, पाणी साचलं, की कोवळी रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. त्यामुळे हंगामागणिक हात बदलावा लागतो, आणि तो अंदाज मला अजून आलेला नाही. पण बी हातात घेण्याआधी पहिला प्रश्न कोणता, ते आता पक्कं कळलंय: मला विकायचं काय आहे, जुडी की बी?