होकार-नकाराच्या सीडी

बेलव्ह्यू, शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४

'मॅकेन्झी अँड को.' आज पोस्टाने आली. सीडींवर ओरखडे आहेत, पण मागची बाजू उजेडात धरून पाहिली तर आरपार गेलेला एकही नाही. कपाटाच्या तळाशी ठेवलेला बाहेरून जोडायचा ड्राइव्ह शोधून ठेवला.

हा १९९५ सालचा खेळ. अमेरिकन लेझर गेम्स ही न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीची कंपनी. 'मॅड डॉग मक्री' हा त्यांचा १९९० चा गाजलेला खेळ: आर्केडमध्ये उभं राहायचं, पडद्यावर खरीखुरी माणसं काउबॉयच्या वेशात चालून येणार, आणि आपण हातातल्या बंदुकीने त्यांना टिपायचं. याच कंपनीने १९९५ मध्ये 'हर इंटरॅक्टिव्ह' अशी मुलींसाठी वेगळी शाखा काढली आणि तिचा पहिला खेळ म्हणून हा आणला. तंत्र तेच, खरे नट आणि खरा कॅमेरा, पण गोळीच्या जागी आता संभाषण. शाळेतली मुलगी, तिच्या मैत्रिणी, कपडे, मेकअप, खरेदी, वर्गातले प्रसंग, आणि आवडत्या मुलाबरोबर प्रॉमला, म्हणजे शाळेच्या नाचाच्या समारंभाला, जायचं हे ध्येय.

बायकांच्या नावावर निघालेली ही कंपनी पुढे आमच्या या गावात आली. गेली कित्येक वर्षं मी त्याच गावात राहते, आणि तिच्या पहिल्याच खेळाला मी अजून हात लावलेला नाही, हे मनाला बरं वाटत नव्हतं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सकाळ सगळी मांडामांडीत गेली. आजच्या चौसष्ट बिटच्या विंडोजवर त्या काळचे सोळा बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत. मग जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा डॉसबॉक्स, त्याच्या पोटात विंडोज ३.१, आणि त्यात एस-थ्री कार्डाचा ड्रायव्हर, कारण मुळातल्या सोळा रंगांत माणसाचा चेहरा बघवत नाही. २५६ रंग मिळाले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सई दोनदा डोकावून गेली. "आई, झालं का?" "अगं, होतंय."

झालं. खिडकीएवढ्या चौकटीत एक मुलगी माझ्याकडे बघून बोलू लागली.

ते चित्र मी बराच वेळ थांबवून थांबवून पाहिलं. ती बोलते तेव्हा ओठ, भुवया, गालाचा थोडा भाग हलतो. मागची भिंत मात्र जागची हलत नाही, जणू कुणी चिकटवून ठेवली आहे. त्या काळात सिनेपॅकसारखी तंत्रं होती. ती चित्राचे चार बाय चार ठिपक्यांचे तुकडे करायची, सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांचा एक कोश बनवायची, आणि आधीच्या चौकटीपेक्षा जे बदललं असेल तेवढंच पुन्हा पाठवायची. त्यामुळे मान जोरात वळली की केसांच्या कडेला चौकोन उठतात आणि क्षणभराने विरतात. आणि तरीही डोळे समजतात! ती आतून हसते आहे की वरवर, हे त्या मोजक्या ठिपक्यांतूनही कळतं. हाताने काढलेल्या चित्रात ते चित्रकाराला घालावं लागतं. इथे ते त्या मुलीच्या चेहऱ्यावर आपोआप आलेलं आहे. म्हणूनच मला हे खेळ आवडतात. लोक त्यांना जुनाट म्हणतात ते चित्राच्या दर्जावरून. पण समोर माणूस आहे, हे मला इथे जेवढं जाणवतं तेवढं आजच्या कितीतरी गुळगुळीत खेळांत जाणवत नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

आज माउस सईच्या हाती दिला. चौदाव्या वर्षी तिला हे सगळं फार लांबचं वाटेल असा माझा अंदाज होता. पण ती गंभीर झाली. कोणती मुलगी होऊन खेळायचं, 'किम' की 'कार्ली', यावर बराच विचार करून तिने कार्लीला घेतलं. कपडे निवडताना मला बोलू दिलं नाही. नंतर मुलाशी बोलायचे पर्याय आले तेव्हा तिने प्रत्येक वाक्य हळू आवाजात वाचून पाहिलं, स्वतःच्या तोंडी कसं वाटतंय ते बघत.

मग तिने विचारलं, "आई, हिला मैत्रिणींबरोबरच नाही का जाता येणार प्रॉमला? त्याच जास्त छान आहेत."

त्या खऱ्याच छान आहेत. एकमेकींच्या खांद्यावर पडून हसणाऱ्या, एकीचं वाक्य दुसरीने पुरं करणाऱ्या. मुलाबरोबरच्या दृश्यांत जो ताठपणा आहे तो इथे नाही. मी तिला म्हटलं, की खेळाचं ध्येयच मुलगा आहे, त्यामुळे वाट तिकडेच जाणार. ती "बरं" म्हणाली, पण तिला ते पटलं नव्हतं, आणि मलाही नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

सईचा प्रश्न डोक्यातून जात नाही म्हणून आज कागद घेऊन हिशोब मांडला.

३२० बाय २४० ठिपक्यांचं चित्र, २५६ रंगांत, सेकंदाला पंधरा चौकटी: न दाबता ठेवलं तर सेकंदाला साधारण अकराशे किलोबाइट. दुप्पट वेगाचा सीडी ड्राइव्ह देणार तीनशे, त्यातच आवाजही बसवायचा. पूर्ण तीनशे वापरले तर ६५० मेगाबाइटच्या सीडीवर छत्तीस मिनिटं मावतात. त्या छत्तीस मिनिटांत 'हो' म्हटल्यावरचं दृश्य हवं आणि 'नाही' म्हटल्यावरचंही.

आता नुसती दहा वळणं घेतली, प्रत्येकाला दोन वाटा दिल्या आणि त्या पुन्हा कुठेच जुळवल्या नाहीत, तर १०२४ गोष्टी होतात. एवढं चित्रीकरण कोण करणार? म्हणून असे बहुतेक खेळ वाटा फोडतात आणि पुढच्याच प्रसंगात जुळवून घेतात. चुकीच्या उत्तरावर एखादं छोटं दृश्य दाखवतात आणि मागे आणून सोडतात. लिहिलेल्या खेळात नवं उत्तर घालायला एक ओळ पुरते. इथे त्याच ओळीसाठी नटी हवी, दिवे हवेत, वेशभूषा सांभाळायला माणूस हवा, आणि वर सीडीवर जागा हवी.

म्हणजे अशा खेळात मुलीला काय बोलता येईल, हे कुणीतरी काय चित्रित करायचं ठरवलं त्यावर अवलंबून. पैसे आणि जागा इतकी अपुरी असताना मुलीच्या मनातलं काय काय घेण्याजोगं वाटलं, ते या सीडींवर उरलं आहे. तिने आरशापुढे बसून ओठांचा रंग ठरवणं घेण्याजोगं वाटलं. तिने मैत्रिणीचं ऐकणंही घेण्याजोगं वाटलं, आणि हे मी फार मोठं मानते. त्या काळातल्या किती खेळांत दोन मुली एकमेकींशी बोलतात? मेकअपचा खेळ म्हणून याला बाजूला सारणाऱ्यांनी ही दृश्यं पाहावीत असं मला मनापासून वाटतं.

बुधवार, २० नोव्हेंबर

काल रात्रीच्या वादळाने वीज गेली. आमच्या रस्त्यावर एक मोठं फरचं झाड तारांवर आडवं पडलंय. घरभर मेणबत्त्या, गॅसच्या शेगडीवर पिठलं-भात.

बॅटरी वाचवत ताईला नाशिकला फोन केला. १९९५ चा विषय निघाला. आमच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब: चपला बाहेर, आत थंडगार, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. तास संपला की मुलं मागे थांबून खेळायची आणि आम्ही वह्या उचलून निघायचो. आम्हाला कुणी 'जा' म्हटलं नव्हतं. 'बसा' असंही कुणी म्हटलं नव्हतं. ताई म्हणाली, "आपल्याला तेव्हा वाटायचं आपल्याला आवड नाही." किती सहज बोलून गेली.

हर इंटरॅक्टिव्हच्या मेगन गेझर यांनी पुढे सांगितलेलं आठवलं: मुली कॉम्प्युटरला बिचकतात, त्यांच्यासाठी खेळ काढून काय उपयोग, असं त्यांना प्रकाशकांकडून ऐकावं लागलं होतं. ही बार्बीच्या फॅशन डिझायनर खेळाने १९९६ च्या दिवाळी-नाताळात पहिल्या दोन महिन्यांत पाच लाखांवर प्रती खपवून दाखवल्यानंतरची गोष्ट! त्यात मुलींसाठीच खेळ काढणारी ब्रेंडा लॉरेल यांची 'पर्पल मून' ही कंपनी १९९९ मध्ये बंद पडली आणि शंकेखोरांना आयतं कारण मिळालं.

रविवार, २४ नोव्हेंबर

वीज आली. सई मैत्रिणीकडे, म्हणून मी एकटीच किम घेऊन बसले. सुरुवातीला आवाज पुढे आणि ओठ मागे राहत होते. डॉसबॉक्सचा वेग थोडा वाढवला तेव्हा जुळले.

आज मुद्दाम न पटणारी उत्तरं निवडली, नटांसाठी. पडलेला चेहराही कुणीतरी कॅमेऱ्यासमोर करून दाखवलेला असतो, बहुतेक खेळाडूंना तो कधीच दिसणार नाही हे माहीत असून. योग्य उत्तरं देत गेलेल्या मुलीला यातलं काहीच भेटलं नसेल. अभिनय साधा आहे, काही ठिकाणी शाळेच्या गॅदरिंगसारखा, पण अंग चोरून कुणीही केलेला नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

सुट्टी आहे, पाऊस आहे. सईने स्वतःहून विचारलं, "यांनी यानंतर काय केलं?"

१९९६ मध्ये एल. जे. स्मिथ यांच्या कादंबऱ्यांवरचा 'व्हॅम्पायर डायरीज', आणि १९९८ मध्ये नॅन्सी ड्रू या तरुण मुलगी-गुप्तहेराच्या मालिकेतला पहिला खेळ, 'सीक्रेट्स कॅन किल'. माझ्याकडे त्याची जुनी आवृत्ती होती, तीच लावली. इथे नट गेले, त्यांच्या जागी काढलेली पात्रं आली. चेहऱ्यावरचं ते आपसूक हसू गेलं, त्याचं मला वाईट वाटलं. पण मुलीला करता येणाऱ्या गोष्टी भराभर वाढल्या: कुलपं, सांकेतिक खुणा, कुणाच्याही खोलीत जाऊन शोधाशोध, नको त्या माणसाला नको तो प्रश्न. या मालिकेत नॅन्सीचा मित्र नेड आहे, पण बहुतेक वेळा फोनच्या दुसऱ्या टोकाला. अडलं की त्याला फोन लावायचा, तो जमेल तेवढी मदत करतो, आणि मग फोन ठेवून आपल्या कामाला लागायचं.

सईला हे फार आवडलं. शाळेतल्या सूचनाफलकावरची अक्षरं ती वहीत उतरवून घेते आहे, आणि मला म्हणाली की मॅकेन्झीच्या सीडी आवरू नकोस, दुसऱ्या मुलाची गोष्ट तिला अजून बघायची आहे.