स्टेपनी, शिलालेख आणि दादी

रविवारी नाश्ता झाल्यावर मी नुसतं खिडकीबाहेर पाहिलं, तरी बेगमच्या पोटात गोळा येतो. "आता कुठला दगड?" ती विचारते. तिचं काही चूक नाही. कुणाला कबुतरांचा शौक असतो, कुणाला पतंगांचा. मला जुन्या दगडांवरची अक्षरं पाहण्याचा आहे. मशिदीच्या कमानीवरची, दर्ग्याच्या चौकटीवरची, किल्ल्याच्या बुरुजावरची. माझ्या मोबाइलमध्ये मुलांचे फोटो कमी आणि दगडांचे जास्त आहेत. धाकटा एकदा म्हणाला, "अब्बू, मी दगड असतो तर बरं झालं असतं. तुम्ही माझे रोज फोटो काढले असते."

मी सोलापुरात एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे आमच्या गल्लीत माझ्याबद्दल एक गैरसमज आहे, की अरबी वळणाचं काहीही लिहिलेलं दिसलं की मी ते घडाघडा वाचतो. हा गैरसमज मी आजवर दूर केलेला नाही. खरं सांगायचं तर तो पसरवण्यात माझाच हात मोठा आहे.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. पाऊस चांगला झाला होता आणि नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू झाल्याची बातमी शाळेत आली. आमच्या कोरड्या भागात हे दरवर्षी घडत नाही. बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातलेला आहे. तो भरला की त्याच्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं. एक नर, दुसरी मादी. आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. डोक्यावरून नदी वाहते आणि आतल्या खोलीत माणूस कोरडाच्या कोरडा. हे बांधकाम इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातलं. आणि तिथे एक फारसी शिलालेख आहे! माझा बेत तिथेच पक्का झाला.

घरच्या छोट्या गाडीत आम्ही सहा जण: मी, बेगम, माझी अम्मी म्हणजे मुलांची दादी, अकरावीत गेलेली थोरली, तिची नवी मैत्रीण आणि मांडीवर बसायला तयार नसलेला धाकटा. मैत्रिणीचं कुटुंब वडिलांच्या बदलीमुळे लखनौकडून आलेलं. तिची जबान इतकी साफ, की तिच्यासमोर मी स्वतःचे शीन-काफ दोनदा तपासून घेतो.

निघण्याआधी मी बॉनेट उघडून ऑइल पाहिलं, पाणी पाहिलं, काच पुसली. स्टेपनी पाहिली नाही. ती डिकीत खाली असते, वर कडक भाकरी, शेंगांची चटणी, खिमा, उकडलेली अंडी आणि पाण्याचा कॅन ठेवून झाला होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात थोरली आईच्या कानात कुजबुजताना ऐकू आली: "अम्मी, दादीला सांगा ना, तिच्यासमोर जास्त बोलू नका म्हणून. ते 'हौ', 'नक्को', 'कायकू'... ती हसेल."

मला राग आला. पण मैत्रीण दारात उभी होती. मी बॉनेट जरा जोरात आपटलं, इतकंच.

सफरची दुआ पढून आम्ही हैदराबादच्या रस्त्याला लागलो. नळदुर्ग 45 किलोमीटरच्या आसपास. धाकट्याने विचारलं, "आज नमाज कसर का?" मी सांगितलं, एवढ्याशा अंतराला सूट मिळत नाही, पुरी पढायची. तो म्हणाला, "मग जरा लांबचा किल्ला काढायचा होता."

बोरामणी गेलं, तांदूळवाडी गेलं, आणि इटकळच्या अलीकडे गाडी डावीकडे ओढू लागली. पंक्चर. मी शांतपणे उतरलो. मुलांसमोर बाप शांत असावा, असं आम्हाला बी.एड.ला शिकवलं होतं. म्हणजे विद्यार्थ्यांसमोर शिक्षक, पण तेच ते. डिकीतला सगळा तोशा रस्त्याच्या कडेला मांडला. स्टेपनी काढली. तिच्यावर हात ठेवला, तर ती उशीसारखी दबली. किती वर्षं तिच्यात हवा भरली नव्हती, कोण जाणे.

बेगम काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हाच जास्त ऐकू येतं.

दादीला कडुलिंबाखाली सतरंजीवर बसवलं आणि मी हात दाखवत उभा राहिलो. चार गाड्या भुर्रकन गेल्या. पाचवा एक ट्रक पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर उतरला, दाढी, खांद्यावर टॉवेल. आपला माणूस दिसतो असं वाटून, आणि पाठीशी लखनौ उभं आहे हे ध्यानात ठेवून मी घसा साफ केला: "जनाब, अगर जहमत न हो, तो क्या आप हमारी कुछ इमदाद फरमा सकते हैं?"

त्याने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. मग खिशात हात घातला आणि 10 रुपयांची नोट माझ्या हातावर ठेवली. त्याला वाटलं, मी चंदा मागतोय.

पोरं हसून हसून वाकली. मी नोट हातात धरून तसाच उभा. तेवढ्यात झाडाखालून दादीची हाक आली: "ए बेटा! कां के हैं तुम?"

ड्रायव्हरचा चेहरा एकदम उजळला. "जहिराबाद के, अम्मा."

"अरे, हमारी मौसी उदरीच दिये थे ना! देखो बा, गाडी का चाक बैठ गया. दुसरे में बी हवा नै. ये हमारा बच्चा मास्टर है, इसकू किताबां छोड के कुछ नै आता."

"हौ अम्मा, फिकर नक्को करो," म्हणत त्याने बाह्या वर केल्या. ट्रकच्या हवेच्या टाकीला नळी लावून स्टेपनी भरली, जॅक लावला, चाक बदललं. पंधरा मिनिटांत काम फत्ते. तोवर दादीने त्याची किती मुलं, कुठे शिकतात, घरवालीचा गुडघा का दुखतो, सगळं विचारून घेतलं होतं. पैसे त्याने घेतले नाहीत. दादीच्या हातची दोन अंडी आणि भाकरी घेतली. मी त्याची नोट परत करू लागलो तर म्हणाला, "रक्खो मास्टर, बच्च्यां कू चाकलेट लेव."

गाडीत बसल्यावर मी आरशातून थोरलीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती, मान आखडून. मैत्रीण मात्र दादीच्या खांद्याला टेकली होती. म्हणाली, "माझी नानी पण गावाकडचंच बोलते, अवधी. पाहुणे आले की अम्मी तिला आतल्या खोलीत बसवते." मग थोडं थांबून, "यांना तुम्ही सोबत आणलंत."

पुढचे दहा किलोमीटर गाडीत धाकटा सोडून कुणी बोललं नाही.

किल्ला पाहून मात्र सगळ्यांचे चेहरे धुतल्यासारखे झाले. नर-मादी दोन्ही जोरात होते. पायऱ्या उतरून पाणीमहालात गेलो. समोरच्या खिडकीबाहेर पाण्याचा पांढरा पडदा आणि त्याचा असा आवाज, की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. अंगावर फक्त तुषार. दादी भिंतीला हात लावून म्हणाली, "कैसे लोगां थे बा, पानी कू बी घर में बुलालिये."

आणि मग शिलालेख. सगळे माझ्या मागे अर्धवर्तुळ करून उभे राहिले. मी चष्मा पुसला. अक्षरं काळाने झिजलेली, एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. मी एक मिनिट पाहिलं. दोन मिनिटं पाहिलं. "हे... 'शाह' असावं," मी म्हणालो.

"पुढे?" धाकटा.

"पुढे 'व'. म्हणजे 'आणि'."

"शाह आणि काय?"

मी डोकं डावीकडे कललं, उजवीकडे कललं. लिपी ओळखीची, पण फारसी मी शिकलोय ती उर्दूच्या पाठापुरती. धाकट्याने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अब्बू, तुम्ही उर्दूचे सर आहात ना?"

पुन्हा दादीच धावून आली. "चार सौ साल का है रे. पत्थर घिस गया. उसकी आंखां का क्या कसूर?"

जोहरची नमाज आम्ही गावातल्या मशिदीत पढली, पुरी. मग झाडाखाली जेवण. मैत्रीण आणि धाकटा दादीकडून कोडी ऐकत होते. थोरली माझ्याजवळ येऊन बसली. मी ठरवलं, आता समजवावं. मी सुरुवात केली, की ज्या इब्राहिम आदिलशाहचा हा महाल, त्याने 'किताब-ए-नवरस' लिहिली, ती कुठल्या भाषेत ठाऊक आहे? दखनीत. आपल्या दादीच्या घराण्यातल्या भाषेत. तो 1580 साली विजापूरच्या गादीवर आला, त्याच वर्षी गोवळकोंड्याला मुहम्मद कुली कुतुबशाह आला, त्याचीही शायरी दखनीच. हे 'लोगां', 'किताबां' म्हणजे बिघडलेली उर्दू नव्हे. दिल्ली-लखनौत उर्दू शायरी बहरायच्या कितीतरी आधी इकडे या भाषेत दिवान लिहिले जात होते. "आणि तू सकाळी आईला काय सांगत होतीस?"

तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "अब्बू, मागच्या वर्षी तुमच्या शाळेच्या गॅदरिंगला दादी आली होती. रिक्षातून उतरताना तुम्ही तिला काय सांगितलं होतं?"

मला आठवलं. 'अम्मी, हेडमास्तर साहेबांसमोर जरा संभाल के बोलना.' त्या दिवशी अम्मी पूर्ण कार्यक्रमभर एक शब्द बोलली नव्हती. मला वाटलं होतं, तिला कार्यक्रम आवडला.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिलालेख वाचता आला नाही, त्याची एवढी लाज वाटली नव्हती. वीस वर्षं मी वह्यांमधल्या 'किताबां'खाली लाल रेघ मारत आलो. शिकवायचं म्हणून मारली, पण घरी येताना ते लाल पेन खिशातून काढून ठेवायचं राहिलं. पोरगी ते पाहतच मोठी झाली.

"चुकलं माझं," मी म्हणालो. बापाला हे वाक्य फारसीपेक्षा अवघड जातं.

ती काही बोलली नाही. उठून दादीजवळ गेली आणि म्हणाली, "दादी, वो मौसी की बात सुनाव ना, जहिराबाद वाली." दादीने तिच्याकडे नवलाने पाहिलं. मग गोष्ट सुरू झाली ती परतीच्या प्रवासात सोलापूरच्या वेशीपर्यंत संपली नाही.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वह्या तपासताना एका मुलाने लिहिलेलं आढळलं: 'मेरे पास दो किताबां हैं.' पेन उचललं, थांबलो. मग बाजूला लिहिलं: 'परीक्षेत किताबें. घरी दादीशी बोलताना किताबां. दोन्ही नीट यायला हवं.' मुलगा वही घेऊन आला, "सर, हे चूक की बरोबर?" मी म्हटलं, अर्धा गुण कापलाय, पण सलाम सांग घरी.

दगडांचा शौक सुटलेला नाही. फक्त फारसीचं एक जुनं पुस्तक टेबलावर आलंय आणि त्यात खूण म्हणून 10 रुपयांची नोट आहे. त्या नोटेवर धाकट्याचा डोळा आहे, चॉकलेट त्याच्या नावचं होतं म्हणतो. आणि रविवारी मी खिडकीबाहेर पाहिलं की बेगमच्या आधी दादीच विचारते:

"स्टेपनी देख्या क्या?"