नाताळातली चवथ

हॉस्टेलवर आल्या आल्या सगळ्यांना विचारतात तसं मलाही विचारलं होतं, "गाव कुठलं गं?" मी म्हटलं, "मसुरे. मालवण तालुका." लगेच पुढचा प्रश्न, "म्हणजे आंगणेवाडीचं मसुरे? मग जत्रेला नेशील ना आम्हाला?" आमच्या गावाचं हे असं आहे. आंगणेवाडी ही खरं तर मसुऱ्याचीच एक वाडी, पण भराडी देवीच्या जत्रेमुळे वाडी गावापेक्षा मोठी झाली. त्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. मी ऐटीत "नेईन की" म्हणून टाकलं. आता छापून येणारच आहे तर कबूल करते, मी स्वतः ती जत्रा कधी पाहिलेली नाही. जत्राच काय, वयाची वीस वर्षं होईपर्यंत गावची चतुर्थीसुद्धा पाहिली नव्हती. मला माहीत होतं ते फक्त डिसेंबरातलं मसुरे.

कारण अगदी साधं. माझी शाळा कॉन्व्हेंट. गणपतीला मोजून दोन दिवस सुट्टी आणि पाठोपाठ चाचणी परीक्षा, नाताळाला मात्र चांगले दहा दिवस! त्यामुळे आख्खं कोकण चतुर्थीला गावी जायचं, आणि आम्ही तिघं जायचो नाताळात, घर रिकामं असताना. डिसेंबरातलं गाव फार सुंदर असतं हो. पाऊस संपल्यावर चोपून, शेणानं सारवून नवं केलेलं खळं, सकाळची थंडी, आंब्याला नुकता फुटलेला मोहर. डोक्यावर भरतगड, गडनदीच्या पलीकडे भगवंतगड. एक वाडीच्या सावंतांचा, दुसरा बावड्याच्या पंत अमात्यांचा. दोघे नदीच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे बघत बसलेले.

चौथीत असताना मी मराठीच्या पेपरात 'माझा आवडता सण' म्हणून नाताळावर निबंध लिहिला होता. शाळेतला क्रिब, कापसाचा बर्फ, कॅरोलची प्रॅक्टिस, आणि नाटकात मी झालेलं कोकरू. दहापैकी आठ मार्क मिळाले होते, म्हणून गावी गेल्यावर आजीला वाचून दाखवला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या ह्या नाताळाक माणसा किती जमतत गो?"

मी म्हटलं, "सातशे तरी असतील. आख्खी शाळा."

"तसा न्हय. घरात. एका पंगतीक."

आम्ही घरात तिघंच. तेही नाताळ करत नव्हतो, फक्त केक आणायचो. मी गप्प बसले. आजी म्हणाली, "आमच्याकडे चवथीक सत्तावीस पाना मांडूची लागत. सत्तावीस!"

तेव्हापासून दर नाताळात मी चतुर्थी ऐकत आले.

आजी 1961 साली लग्न होऊन या घरात आली. आजोबा थोरले, गावात शेती बघायचे. मधले आजोबाही गावातच. धाकटे आजोबा मुंबईला गिरणीत, परळला गावकीच्या खोलीत राहायचे. चुली तीन, पण गणपती एक. आमच्याकडे गणपती वाटून घेत नाहीत, त्याची 'पाळी' असते. म्हणजे एका वर्षी एका भावानं खर्च करायचा, पुढच्या वर्षी दुसऱ्यानं. मूर्ती तीच, जागा तीच, पंगतही तीच.

पावसाळ्यात मुंबईची बोट बंद असायची. मे महिन्यात धाकटे आजोबा बोटीनं यायचे, पण चवथीला यायचे ते एस.टी.नं, रात्रभर आणि वर अर्धा दिवस उलट्या करणाऱ्या चार पोरांना सांभाळत. तोवर इकडे भिंत रंगवून झालेली असायची. गणपतीचा पाट आधीच गणपतीच्या शाळेत पोचलेला असायचा. आदल्या दिवशी भर पावसात, मेरेवरून घसरत, मूर्ती डोक्यावर घेऊन यायचं, आणि हा मान धाकट्यांचा, कारण तेच सगळ्यांत उंच. मग माटवी! तुम्हा घाटावरच्या मंडळींसाठी सांगते, माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. तिला आंब्याचे टाळे, कवंडळं, कांगण्या, हरणं, शेरवडं, सुपारीचे घोस, नारळ, तवशी असं रानातलं आणि परसातलं सगळं बांधायचं. आजी हे सांगताना हातानं बांधूनच दाखवते. मी एकदा विचारलं, "इतकं वजन पेलतं कसं?" (अभियांत्रिकीला जाणार हे तेव्हाच ठरलं असावं.) ती म्हणाली, "धाकट्या भावोजींनी बांधलेली गाठ सुटत नसा."

माझ्या लक्षात राहिलेत ते आजीचे तांदूळ. ती पायलीनं मापायची. तीन जावा मिळून मोदकांची पिठी, पातोळ्यांसाठी हळदीची पानं, आडाळ्यावर खोवलेल्या नारळांचा ढीग. रात्री वाडीतली भजनं घरोघर फिरायची आणि भजनाला आलेल्यांना काळ्या वाटाण्याची उसळ द्यायची, ती या माणसांत धरलेली नाही बरं का! आजी सांगायची की मी उसळीचं टोप उतरवायचे, मधली वाढायची, आणि धाकटी दाराआडून भजन ऐकता ऐकता पेंगायची. मुंबईत पहाटे गिरणीच्या भोंग्याला उठायची सवय, तिला जागरण जमायचंच नाही.

आणि मग प्रत्येक वेळी गोष्ट एकाच जागी थांबायची. "मगे काय, मगे दिवस बदालले," असं म्हणून आजी गुडघ्यावर हात टेकून उठायची. "चाय ठेवतंय."

दहा-अकरा वर्षं मी ही गोष्ट ऐकली, आणि दर वेळी तिथेच चहा झाला. मला वाटायचं, म्हातारी माणसं दमतात.

2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला आली. आठवड्यात दोन प्रॅक्टिकल होती. मी ठरवलं, गेली हजेरी तर गेली. आजी 82 वर्षांची आहे, आता नाही तर कधी? बाबांना फोन केला आणि निघाले. त्या दिवसांतली कोकण रेल्वे म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. दोन बर्थवर आम्ही पाच जण. झोप शक्यच नव्हती, म्हणून मी बाबांना सहज विचारलं, "धाकट्या आजोबांकडचे येतात का हो अजून?"

बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग सांगायला लागले.

1982 सालची पाळी धाकट्या आजोबांची होती. त्याच वर्षी 18 जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. आम्ही हे इतिहासात दोन ओळींत वाचतो, पण मसुऱ्यात संप पोचला तो पोस्टमनच्या रिकाम्या पिशवीतून. दर महिन्याची मनीऑर्डर बंद झाली. घरात रोकड पैसा यायचा तो तेवढाच. ऑगस्टमध्ये चवथ आली तेव्हा संपाला सात महिने झाले होते. धाकटे आजोबा तरीही बायकामुलांना घेऊन आले, कुणाकडून तरी तिकिटाचे पैसे उसने घेऊन. पाळीचे पैसे नव्हते. आजोबांनी गावात उधारी करून सगळं उभं केलं. तिथपर्यंतही ठीक होतं. पण दुसऱ्या रात्री भजन संपल्यावर, उसळ वाढताना, आख्ख्या वाडीसमोर ते हसत हसत म्हणाले, "पाळी तुझी नि खर्च माझो, बरा आसा!"

मंडळी हसली. धाकटे आजोबाही हसले म्हणे. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या गाडीनं ते सहाही जण निघून गेले, विसर्जनाच्या आधी.

इथे गाडी कर्बुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, त्या धडधडीत काही ऐकूच येईना. बाबा थांबले आणि मी अंधारात हिशेब करत बसले, सत्तावीसातून सहा गेले.

बोगदा संपल्यावर बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी आईनं तांदूळ सत्तावीस माणसांचेच मापले. मी बघत होतो. सहा माणसांचा भात उरला. दुपारी गाऱ्हाणं झालं. गाऱ्हाण्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन राखण मागतात. अण्णांनी धाकट्या काकांचं नाव घेतलंच नाही. मधल्यावरून थेट गुरावासरांवर आले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला, 'आणि मुंबयक आसा तो धाकटो, तेच्या पोराबाळांकय संबाळ म्हाराजा!'"

घरातल्या सुनेनं गाऱ्हाण्यात बोलायचं नसतं. पुरुषांतल्या कुणीही 'होय म्हाराजा' म्हटलं नाही.

"मग?"

"मग काय, मी म्हटलं. तेरा वर्षांचा होतो. मार खाल्ला संध्याकाळी."

मला आजोबांचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण बाबा म्हणतात, त्यांनी उधारी फेडायला दोन वर्षं घेतली आणि त्याबद्दल कुणाला चकार शब्द काढला नाही. तो विनोद मात्र त्यांना परत घेता आला नाही. पुढे लग्नाकार्याला, दिवसांना दोन्ही घरं एकमेकांकडे गेली. चवथीला धाकट्यांकडचं कुणी आलं नाही. धाकटे आजोबा 2009 मध्ये गेले.

कणकवलीला उतरून एस.टी.नं मसुऱ्यात पोचलो तर गाव ओळखूच येईना! माझं सारवलेलं खळं नाहीसं झालेलं, सगळीकडे गुडघाभर हिरवं आणि घोट्यापर्यंत चिखल. माटवी बांधायला मीही बसले, माझी गाठ दोनदा सुटली. पानं मोजली, चौदा. आजी आता स्वयंपाक करत नाही, तरी तांदूळ तिनंच मापले. काकू माझ्या कानात म्हणाली, "दर वर्षी जास्तच घालतात. आम्ही नंतर गपचूप काढून ठेवतो." काकूला कारण माहीत नाही.

गाऱ्हाणं आता मोठे काका घालतात. त्यांनी सगळ्यांची नावं घेतली, माझ्या परीक्षेसाठीसुद्धा राखण मागितली. आणि शेवटी दारातल्या खुर्चीवरून आजीचा आवाज आला, तीच ओळ. आता सगळे सरावलेत. "होय म्हाराजा!" छोट्या भावंडांनी तर सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं. हा धाकटो म्हणजे कोण, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

हॉस्टेलवर परतल्यावर मी बाबांकडून नंबर मागून घेतला. धाकट्यांकडची मंडळी आता बदलापूरला असतात. तीन दिवस नुसताच नंबर बघत होते. व्हायवाच्या आधी वाटते तसली भीती. शेवटी मेसच्या मागे उभं राहून फोन लावला. एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला. धाकटी आजीच. मी कोण ते सांगितलं, मसुऱ्याहून आले असं सांगितलं. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं नेटवर्क गेलं.

मग त्यांनी विचारलं, "वैनी बरी आसा?"

"बरी आहे."

"माटवीक हरणा गावली?"

"मिळाली."

पुन्हा शांतता. मागे कुठल्या तरी मालिकेचा आवाज येत होता.

"औंदा पाळी कोणाची होती गो?"

मला माहीत नव्हतं. म्हटलं, आजीला विचारून सांगते.