माणदेशात समुद्र

माणदेशात जायचे म्हणजे पावसाकडे पाठ करून जायचे. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांवर पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेला दहिवडी-म्हसवडकडे तो जेमतेम पाचशेवर येतो. बोडके माळ, बाभळी, मेंढरांचे कळप आणि बरेच महिने नुसती वाळू दाखवणारी माणगंगा! अशा मुलखात समुद्रावर व्याख्यान द्यायला माझा एक संशोधक मित्र गोव्याहून निघाला, तेव्हा आमच्या घरची मंडळी हसली.

पण समुद्र येथे अगदीच परका नव्हे. पडेल तो पाऊस त्याचीच वाफ. आणि माणगंगेला पूर आलाच, तर ते गढूळ पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. मित्राने सुरुवात तेथूनच केली, हे मला आवडले.

म्हसवडजवळच्या एका शाळेच्या पडवीत मुले बसली होती, मागे चार-दोन मेंढके टेकले होते. मित्राने टेबलावर बटाट्याएवढा काळा गोळा ठेवला. हिंदी महासागराच्या तळावरचा. तीन कळसूबाया एकावर एक रचल्या तरी बुडून जातील इतक्या खोलीचा! यात मँगेनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असते. ‘गवेषणी’ जहाजाने 1981 च्या प्रजासत्ताकदिनी असले गोळे अरबी समुद्रातून प्रथम वर आणले. 2002 पासून मध्य हिंदी महासागरात 75,000 चौरस किलोमीटर तळ शोधण्याचा करार भारताकडे आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या चौथाईएवढा. करार शोधण्याचा, काढण्याचा नव्हे, हे त्याने दोनदा सांगितले.

एका म्हाताऱ्या मेंढक्याने गोळा हातात घेऊन जोखला.

“सायेब, मेंढरांनी कुरण खाल्लं तर दोन पावसांत पुन्यांदा फुटतं. ह्ये कवा फुटायचं?”

“दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो, बाबा.”

पडवी गप्प झाली. मग मित्राने सांगितले, की या गोळ्यांवर स्पंजासारखे जीव चिकटून राहतात. गोळा उचलला की त्यांचे घरच गेले. पॅसिफिकच्या तळावर 1979 साली चाचणीसाठी यंत्र फिरवले होते, त्याच्या चाकोऱ्या चार दशकांनंतरही तशाच दिसल्या. खाली ना वारा, ना पाऊस, त्या बुजवणार कोण?

“मंग चारायच्या आधी कुनाला इचारत्यात?” म्हातारा म्हणाला.

जमैकात एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या सभेत सगळे सदस्य देश बसतात, असे मित्राने सांगितले. म्हाताऱ्याने मान हलवली. पटले की नाही, कळले नाही. गोळा मात्र त्याने टेबलावर न ठेवता शेजारच्या पोराच्या ओंजळीत दिला, आणि तो पडवीभर हातोहात फिरला.