पाणी, तेल की कोरडाच?

वडिलांचा वस्तरा नि निसणा माझ्या वाट्याला आले, आणि त्यांच्याबरोबर एक जुना वादही. वडील दगडावर पाणी टाकीत, काका तेल. यावरून भावाभावांत जन्मभर जुंपली. मी पडलो बँकेतला माणूस! कुणाचीच बाजू नको म्हणून कोरडाच घासला. पोलादाचा कीस दगडात बसला आणि वस्तरा नुसता घसरू लागला.

"अरे, पाणी काय नि तेल काय, काम एकच. कीस वाहून न्यायचा," काका म्हणाले.

"मग तुम्ही भांडत का होतात?"

काका गप्प. मी तेलाची बाटली पुढे केली.

"नको. दादाच्या दगडाला तेल ठाऊक नाही. पाणी आण."

पेलाभर आणलं. अर्धं त्यांनी दगडावर ओतलं. उरलेलं, घसा साफ करायला, स्वतः प्यायले.